व्हेंटिलेटरने दिलेली मुदत

राजेश मापुस्कर यांच्या ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) या चित्रपटात गजूकाका कामेरकर अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडून आहेत, आणि बाहेर शंभरावर नातेवाइकांचा गोतावळा जमलाय. गणपती तोंडावर आलेत. काका गेले तर सुतक, मग घरचा गणपती बसवायचा कसा? कुजबुज, रुसवे, जमिनीच्या गोष्टी सगळं सुरू आहे. त्या गर्दीत काकांचा मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) आहे. बापाशी त्याचं फाटलेलं आहे. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला, तो मला पूर्ण रास्त वाटतो.

कामेरकर कोकणातले, पण हा गोतावळा चाळीसगावात कुणाला अनोळखी वाटणार नाही. इथलं माणूस गंभीर झालं की धुळ्याला, नाशिकला, नाहीतर सव्वातीनशे किलोमीटरवरच्या मुंबईला हलवतात. मागोमाग मिळेल त्या गाडीने भाऊबंद निघतात, डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन. वाटणीवरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन भाऊ दवाखान्याच्या एकाच बाकावर बसतात. गावाकडून फोन येत राहतो, “आते कसं वाटस बाबाले?” आणि ज्याच्याशी अबोला होता, तोच उत्तर देतो.

हे सगळं घडायला लागतो वेळ. तो वेळ आला कुठून, ही गोष्ट मला चित्रपटाइतकीच विलक्षण वाटते.

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायूच लुळे पडत. ब्लेगडाम रुग्णालयात असे जे पहिले ३१ रुग्ण आले, त्यांतले २७ दगावले. अख्ख्या रुग्णालयात ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणतात ते मोठं यंत्र एकच होतं. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन बसवलेल्या नळीतून, रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या छातीत हवा भरली. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबू लागले. दिवसरात्र, कित्येक आठवडे! परक्या माणसाचा प्रत्येक श्वास कुणीतरी आपल्या मुठीने घेत होतं. पुढे ते काम यंत्रांकडे गेलं. १९५३ च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच अतिदक्षता विभाग सुरू केला. जगातल्या अशा पहिल्या विभागांमध्ये त्याची गणना होते.

आपण श्वास घेतो तेव्हा छातीखालचा पडदा खाली सरकतो आणि हवा आत ओढली जाते. दर खेपेला साधारण अर्धा लिटर, मिनिटाला बारा ते वीस वेळा. व्हेंटिलेटर याच्या नेमकं उलट करतो. तो हवा आत ढकलतो. याहून थक्क करणारी बाब हृदयाची. श्वासाचा हुकूम मेंदूच्या देठातून सुटतो, पण हृदयाचा ठोका हृदयातच उमटतो. प्राणवायू मिळत राहिला तर मेंदू कायमचा थांबल्यावरही ते काही काळ धडधडत राहतं. ही अवस्था यंत्राआधी जगात नव्हतीच. श्वास थांबला की काही मिनिटांत सगळं आटोपायचं. मोलारे आणि गुलाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १९५९ मध्ये तिचं वर्णन केलं, आणि भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली.

म्हणजे जगणं आणि जाणं यांच्यामध्ये माणसाने एक मुदत तयार केली. काहींसाठी ती बरं होण्याची, काहींसाठी निरोपाची. ‘हो की नाही’ सांगण्याचा भार मात्र नातेवाइकांवर येतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेली मुभा फार मोलाची वाटते: बरं होण्याची आशा उरली नाही तर कृत्रिम आधारावर ठेवावं की नाही, हे माणूस शुद्धीत असतानाच लिहून ठेवू शकतो. २०२३ मध्ये ही प्रक्रिया सोपी झाली. दोन साक्षीदार हवेत, आणि आता न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारीही चालतो. चाळीसगावातल्या माणसाला त्यासाठी मोठं शहर गाठायला नको.

निरोपाआधीच्या बाप-लेकाच्या समेटावर कॅनडाच्या देनी आर्कां यांचा ‘द बार्बेरियन इन्व्हेजन्स’ (२००३) हा ऑस्करविजेता चित्रपट आहे. त्यातला कर्करोगाने खंगलेला प्राध्यापक बाप लंडनहून आलेल्या श्रीमंत मुलाशी वाद घालतो, चिडतो, हसतो. दोघंही बोलतात म्हणून समेट होतो. प्रसन्नला ती सोय नाही. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून थेट दोन स्वरतंतूंच्या मधून खाली जाते. शुद्धीवर असलेल्या माणसालाही त्यामुळे आवाज काढता येत नाही. एका बाजूचं बोलणं यंत्रानेच बंद केलेलं असतं. आपल्या घरांत तर बाप-लेक माफीबिफी मागतच नाहीत; “जेवलास का?” एवढ्यावर भांडण मिटतं. इथे तेवढंही विचारणारं कुणी नसतं. उरतो तो मुलाचा एकट्याचा आवाज, आणि तो पोहोचतोय का हा प्रश्न.

त्याचं थोडं उत्तर २०२० मध्ये कॅनडातल्याच व्हँकुव्हरमधून आलं. तिथल्या संशोधकांनी शेवटच्या तासांत प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या डोक्याला विद्युतलहरी टिपणारी साधनं लावून त्यांना सूर ऐकवले आणि मध्येच ते बदलले. काही रुग्णांच्या मेंदूने तो बदल टिपला, अगदी निरोगी तरुणांच्या मेंदूसारखाच. हे रुग्ण व्हेंटिलेटरवरचे नव्हते, आणि शब्दांचा अर्थ कळतो असंही यातून सिद्ध होत नाही. पण डोळे मिटलेले, हात गार पडत चाललेला, तरी आवाज आत जात असू शकतो. कुणी खाटेशी वाकून “बाबा, मी आलोय” म्हणत असेल, तर त्याला वेड्यात काढू नये.