बैठका, काळी लघवी आणि घरी जाण्याची घाई
पुण्यास तालमींची परंपरा जुनी. बैठकांनी मांड्या भरून आल्या तर नवल ते काय! परंतु सवय नसता एकदम शेकडो बैठका काढणाऱ्या तरुणाच्या रक्तात क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतील द्रव्य, एरवी लिटरमागे २०० एककांच्या आसपास असणारे, हजारोंनी वाढते. त्यास घरी धाडावे काय? ५,००० पुढे मूत्रपिंडांस अपायाचा संभव वाढतो खरा. तथापि केवळ आकडा पुरेसा नाही. तो व्यायामानंतर एक ते तीन दिवस चढतच असतो, म्हणून पहिल्या दिवशीचा दिलासा आम्हांस फसवा वाटतो. लघवी चहासारखी काळसर असेल, क्रिएटिनिन अगर पोटॅशियम वाढले असेल, तर घरच्यांनी निघण्याची घाई करू नये. शिरेवाटे सलाइन देणे अगत्याचे. लघवी स्वच्छ, मूत्रपिंडे ठीक, आकडा उतरता, तर जाण्यास हरकत नाही. मात्र पाणी पुष्कळ प्यावे, आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये व दोन दिवसांनी रक्त पुन्हा तपासावे.