गाळ्याचा भाडेपट्टा आणि तोंडी ठरलेलं

समजा, गाळा दाखवताना मालक म्हणाला, "पहिली तीन वर्षं भाडं वाढवणार नाही." पुढे पाच वर्षांचा भाडेपट्टा झाला. त्यात दरवर्षी पाच टक्के वाढ लिहिलेली होती. दुकानदाराने सही केली, दस्त नोंदवला गेला. वर्षभराने वाढीव भाडं मागितल्यावर तो म्हणतो, "आपलं तर वेगळं ठरलं होतं, एजंट समोर होता." न्यायालय त्या एजंटची साक्ष या मुद्द्यावर ऐकेल का?

नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याची कलमं ९१ आणि ९२ हेच सांगत होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात ती ९४ आणि ९५ झाली आहेत. कराराच्या अटी लेखी उतरल्या की त्या दस्तानेच सिद्ध करायच्या. सही करणाऱ्यांपैकी कोणालाही तोंडी पुरावा देऊन त्या खोडता, बदलता, वाढवता किंवा कमी करता येत नाहीत. माझ्या मते हे योग्यच आहे. नाहीतर वाद पेटल्यावर प्रत्येकाला आपल्या सोयीचंच आठवेल.

तरीही दार पूर्ण बंद नाही. फसवणूक, धाकदपटशा किंवा चूक झाली असेल तर ती दाखवता येते. दस्त निव्वळ देखावा होता, हेही तोंडी पुराव्याने सांगता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गंगाबाई विरुद्ध छबूबाई या खटल्यात म्हटलं.

खरी ओढाताण होते ती दस्त गप्प असतो तिथे. दर्शनी भिंतीवर पाटी लावायची परवानगी तोंडी दिली होती आणि भाडेपट्ट्यात पाटीचा उल्लेखच नाही, तर ती बाब मांडता येते. मात्र ती लिहिलेल्या अटींशी विसंगत नको. दस्त किती औपचारिक आहे, हेही न्यायालय पाहतं. वकिलाने बारकाईने तयार केलेल्या दस्तात "हाच आमच्यातला संपूर्ण करार" असं कलम असेल, तर ही वाट फार अरुंद होते.

सहीनंतरच्या बदलांत व्यापारी सर्वाधिक फसतात. साध्या लेखी करारात नंतर तोंडी बदल झाला तर तो सिद्ध करता येतो. पण कायद्याने लेखीच हवा असलेल्या किंवा नोंदणी झालेल्या दस्तात नाही. एस. शक्तिवेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केलं. त्यामुळे "पुढच्या वर्षापासून भाडं कमी करू" या मालकाच्या नुसत्या शब्दाने नोंदणीकृत भाडेपट्ट्यातला आकडा बदलत नाही.

महाराष्ट्रात याची दुसरी बाजूही आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते चूक आहे हे मालकाने सिद्ध करायचं.

म्हणून सहीआधी तोंडी ठरलेली प्रत्येक गोष्ट मसुद्यात आहे का ते पाहा. नंतर काही बदललं तर पुरवणी करार करून तोही नोंदवा.