सांध्यांची दुखणी (लेखांक ६) : गुडघ्याचे लिगामेंट फाटल्यावर
मांडीचे हाड आणि नडगीचे हाड गुडघ्यात एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. त्यांना जागेवर धरून ठेवतात ती चार लिगामेंटे: आतल्या व बाहेरच्या बाजूला एकेक, आणि सांध्याच्या मध्यात एकमेकांना छेदून जाणारी दोन. मधल्या दोहोंतले पुढचे, म्हणजे एसीएल, नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघा पिळवटू देत नाही. पाऊल रुतलेले आणि अंग वळलेले, अशा वेळी बहुधा तेच फाटते. लाखांदूर तालुक्यात अशी वेळ दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांतल्या कबड्डीत येते, चढाईवाला गर्रकन वळून मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा. आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीतही, चिखलात पाय अडकून वरचे शरीर फिरते तेव्हा. कुणाचा धक्का लागावाच लागतो असे नाही. बहुतेक एसीएल धक्क्याविनाच फाटतात.

फाटताना अनेकांना आत ‘कट्’ असे काहीतरी जाणवते आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगतो. ही सूज म्हणजे सांध्यात साचलेले रक्त. पहिले काही दिवस पाय उंच ठेवणे, कापडात गुंडाळलेला बर्फ लावणे, पट्टी बांधणे आणि गरज पडली तर काठीच्या आधाराने चालणे पुरते. सुजलेला गुडघा तेल लावून चोळणे किंवा कुणाकडून ओढून ‘नस बसवून’ घेणे मात्र टाळावे. आतला रक्तस्राव त्याने वाढू शकतो, आणि हाडाला तडा असेल तर इजाही वाढते. पाऊल गार किंवा फिके पडले, बोटे बधिर झाली, तर मात्र घरी थांबू नये. गुडघा निखळून मागची रक्तवाहिनी दबली किंवा तुटली असेल, तर पाय वाचवायला हाताशी जेमतेम सहा-आठ तास असतात.

निदान मुळात हाताने होते. गुडघा किंचित वाकवून डॉक्टर नडगी पुढे ओढून पाहतात. ती दुसऱ्या पायापेक्षा जास्त सरकली आणि ओढ शेवटी अडल्यासारखी लागली नाही, तर एसीएल गेले असे समजावे. ताज्या सुजेत ही तपासणी नीट होत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा करावी लागते. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, तो फ्रॅक्चर नाही ना हे पाहण्यापुरता. एमआरआयमध्ये लिगामेंटबरोबर गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली आहे का तेही कळते. उपचार ठरवताना ही दुसरी माहिती अनेकदा जास्त मोलाची ठरते.

आतल्या बाजूचे लिगामेंट आपले आपण जुळते. बिजागरीचा पट्टा आणि व्यायाम यांवर ते काही आठवड्यांत सावरते, ऑपरेशन क्वचितच लागते. मोटारसायकलवरून वाकलेल्या गुडघ्यावर पडल्याने फाटणारे मधले मागचे लिगामेंटही एकटेच फाटले असेल तर बहुधा पट्टा व मांडीच्या व्यायामांवर निभावते. बाहेरच्या बाजूची मोठी इजा वेगळी. तिथे पहिल्या तीन आठवड्यांत शस्त्रक्रिया झालेली बरी.

खरा पेच एसीएलचा. ते सांध्यातल्या द्रवात असल्याने तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गाठ टिकत नाही आणि पूर्ण तुटलेले लिगामेंट सहसा जुळत नाही. तरीही ते नसताना गुडघा चालूच शकत नाही, ही समजूत चुकीची आहे. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांचे दोन गट केले गेले: एकात लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्यात आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांत फारसा फरक आढळला नाही, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिकांना तोवर ऑपरेशन लागलेच नव्हते. सरळ चालणारा, सायकल चालवणारा, दुकानात बसणारा माणूस तीन महिने नेटाने व्यायाम करून निर्णय घेऊ शकतो. व्यायाम करूनही गुडघा वारंवार लचकत असेल, कबड्डी-कुस्तीकडे परतायचे असेल किंवा शिवता येण्याजोगी गादीही फाटली असेल, तर शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. गादीचा तुकडा अडकून गुडघा सरळच होत नसेल, तर थांबण्यात अर्थ नाही.

एरवी घाई नको. सूज उतरण्याआधी, गुडघा पूर्ण सरळ होण्याआधी ऑपरेशन केले तर तो आखडून बसण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेत जुने लिगामेंट बहुधा शिवत नाहीत, नवे बसवतात. मांडीच्या मागच्या स्नायूंचे कंडर किंवा वाटीखालच्या कंडराची पट्टी काढून, दुर्बिणीतून पाहत, दोन्ही हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओढतात आणि स्क्रूने किंवा धातूच्या बटणाने पक्की करतात. हा तुकडा जिवंत लिगामेंट व्हायला महिनोन्‌महिने लागतात, आणि मधल्या काळात तो आधी कमकुवत होतो. दुखणे थांबलेले असते, तुकडा मात्र कच्चा असतो. नेमका तेव्हाच पेशंट व्यायाम सोडतो.

म्हणून खेळाची परवानगी नऊ महिन्यांच्या आत देऊ नये, आणि तीही ऑपरेशन झालेल्या मांडीची ताकद दुसरीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आल्यावर. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्यावर मुंबईत जानेवारी २०२३मध्ये शस्त्रक्रिया झाली. तो सामन्यात उतरला मार्च २०२४मध्ये. त्याच्या गुडघ्याची इजा नुसत्या एसीएलहून मोठी होती हे खरे, पण उत्तम फिजिओ हाताशी असूनही वर्षभराहून अधिक काळ गेला.

लाखांदूरहून नागपूर शंभराहून अधिक किलोमीटर दूर. दर आठवड्याला फिजिओसाठी तिथे जाणे परवडत नसेल, तर पहिल्या भेटीतच व्यायाम लिहून, करून दाखवून घ्यावेत आणि पुढे महिन्यातून एकदा तपासणी ठेवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे. तारीखही धानाचा हंगाम पाहून मागता येते. कापणी-मळणी उरकून हिवाळ्यात ऑपरेशन झाले, तर आषाढापर्यंत गुडघा धुऱ्यावरून चालण्याइतका तयार होतो. चिखलात उतरून रोवणी करणे मात्र त्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे सोपवावे लागते.