संकोचित तबकडीचे विकार

कोलकात्याजवळ बरानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यास ‘हेक-टू एम’ हे ब्रिटिश संगणकयंत्र आले. त्याच्या फिरत्या चुंबकीय ड्रममध्ये अवघे १०२४ शब्द मावत. पुढे घरगुती संगणक आले, तरी जागेची ही चणचण सरली नाही. तिच्यावर उपाय म्हणून १९९३ साली ‘एमएस-डॉस ६.०’ बरोबर ‘डबलस्पेस’ ही संकोचनप्रणाली आली.

एखादी अक्षरमालिका पुन्हा आली, की ती न लिहिता ‘इतक्या अक्षरांमागे हीच येऊन गेली’ एवढीच खूण ठेवावयाची, हे झिव्ह व लेंपेल यांनी १९७७ मध्ये मांडलेले तत्त्व तिच्या मुळाशी होते. परंतु खरी मेख निराळीच होती. संकोचित तबकडी म्हणून जी दिसे, ती वस्तुतः मूळ तबकडीवरील एकच प्रचंड, अदृश्य फाइल असे. सारे घर एका गाठोड्यात बांधावे, तसा हा प्रकार. साध्या फ्लॉपीवरून संगणक सुरू केल्यास ते गाठोडे उघडणारा प्रोग्रॅम स्मृतीत येत नसे आणि ‘सी’ तबकडीवर चारदोन फायली तेवढ्या दिसत. सर्व गेले असे समजून तबकडी पुन्हा फॉर्मॅट करणाराच आपला ऐवज खरोखर गमावून बसे!

मोकळ्या जागेचा आकडाही अंदाजी असे. तो दोनास एक या प्रमाणावर बेतलेला असल्यास ५० मेगाबाइट मोकळे दिसूनही आधीच संकोचित असलेल्या फायली जेमतेम २५ मेगाबाइट मावत.

वीज अवचित जाणे हा मोठा धोका. लेखन काही क्षण रोखून धरणाऱ्या ‘स्मार्टड्राइव्ह’मुळे तो वाढे, भारनियमनाला सरावलेल्या कोलकात्यासारख्या शहरात याचे महत्त्व सांगावयास नको. अशा वेळी प्रथम वाचता येतील त्या फायलींच्या प्रती काढाव्यात. नंतर ‘स्कॅनडिस्क’ने आधी मूळ तबकडी व मगच संकोचित तबकडी तपासावी, कारण पाया खचलेला असता वरची डागडुजी टिकत नाही. १९९३ च्या अखेरीस आलेल्या ६.२ आवृत्तीत संकोचन उलगडण्याचीही सोय होती. मात्र उलगडलेला मजकूर मूळ तबकडीवर मावत नसेल, तर काही फायली आधी फ्लॉपींवर हलवाव्या लागत.