खारपाणपट्ट्यातलं पेशीपटल

संपादकांनी खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर लिहायला सांगितलं म्हणून सोनाळ्याला गेलो. संग्रामपूर तालुक्यातलं हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेलं. उत्तरेला अंबाबरवाचं जंगल. दक्षिणेला उतरत गेलं की पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन आणि खारट विहिरी. चौकशी पाण्याची चालली होती, पण मन गुंतलं ते मिठाशी अहोरात्र झुंजणाऱ्या पेशीपटलात.

पटलात स्निग्ध रेणूंचे दोन थर असतात, हे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ साली मांडलं. त्या थरांत प्रथिनं तरंगतात, हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांचं, १९७२ चं. मला भुरळ पडली ती फ्राय आणि एडिडिन यांच्या १९७० च्या प्रयोगाची. त्यांनी उंदराची आणि माणसाची पेशी जोडून एक केली आणि दोन्हींच्या प्रथिनांना वेगवेगळे चमकते रंग लावले. ३७ अंशांना चाळीसेक मिनिटांत रंग एकमेकांत मिसळले. गारठ्यात मात्र ते आपापल्या अर्ध्यातच अडकले. जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचं हे पटल वाहतं!

सरकीचं तेल पातळ राहतं आणि वनस्पती तूप थिजतं, त्याचं कारण इथेही लागू पडतं. दुहेरी बंधाने स्निग्धाम्लाची शेपटी वाकते, मग रेणू दाटीने बसत नाहीत. आपल्या पेशीत कोलेस्टेरॉल हे वाहणं आवरतं: उष्णतेत फार सैल होऊ देत नाही, थंडीत गोठू देत नाही. एवढ्या बदनाम पदार्थाचं हे काम शाळेतच ठसवायला हवं.

याच स्निग्ध थरात सोडियम-पोटॅशियम पंप बसलेला असतो. येन्स स्को यांनी १९५७ मध्ये त्याचा शोध प्रसिद्ध केला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. त्यासाठी पंपाला स्वतःचा आकार बदलावा लागतो. भोवतीचा थर थिजला की तो अडतो. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेतात, तो मुख्यतः याच पंपाच्या जोरावर.

संग्रामपूर-जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या आजाराची धास्ती जुनी आहे. सगळा दोष एकट्या मिठावर टाकता येणार नाही, पण गोड्या पाण्याची सोय करायला नेमकं कारण सापडण्याची वाट पाहणं मला अन्यायाचं वाटतं. मूत्रपिंडं निकामी झाली की आधार डायलिसिसचा. त्या यंत्रातही पटल असतं, पण ठरावीक छिद्रांचं, न वाहणारं. त्याला पंप नाही. युरिया दाटीकडून विरळाकडे पाझरतो, जादा पाणी दाबाने निघतं. कामाचं तेवढं निवडून परत ओढणं त्याला येत नाही. एका बैठकीला साधारण चार तास लागतात, आणि बैठका आठवड्यातून दोन-तीनदा. शेतमजुराला तेवढ्या दिवसांची मजुरी सोडावी लागते, सोबत जाणाऱ्यालाही.