अवघड इंग्रजी शब्दांची ओळख

इंग्रजी शब्दांविषयी बोलावयास प्राध्यापक आले असते तर रीतीला धरून झाले असते. मी कामगार-संघटनेतला माणूस. शाळा लवकर सुटली. इंग्रजी आले ते नोटिशी वाचता वाचता. तेव्हा नोटिशीपासूनच प्रारंभ करतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील कामगार माझ्याकडे कागद घेऊन आला. 'तुला कामावरून कमी केले आहे, सही कर,' असे त्याला तोंडी सांगितले होते. कागदावर शब्द होता 'रिझाइन्ड'. तो 'रिट्रेंच्ड' असता, तर तेव्हाच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन मिळावयाचे. नोकरी अकरा वर्षांची; म्हणजे १६५ दिवसांचा पगार एका शब्दापायी अडकला. गडी दहावी झालेला होता, शब्द त्याने वाचलाही होता. पण दोन्ही शब्दांचा त्याच्या लेखी अर्थ एकच : काम सुटले.

शब्दासमोर एक मराठी अर्थ लिहून पाठ करण्याची आपली जी रीत आहे, तिची खोट ही अशी. शब्द फोडून पाहावा. 'रिट्रेंच'च्या पोटात कापणे आहे. जमीन कापून काढलेला चर तो 'ट्रेंच'. 'रिझाइन'च्या पोटात 'साइन', म्हणजे खूण, मोहोर. मूळ लॅटिन अर्थ मोहोर मोडणे, रद्द करणे. एकात दुसरा आपल्याला कापतो, दुसऱ्यात आपणच आपली मोहोर मोडतो. कृती कोणाची, हे कळले की पुढचे सोपे.

या कामी आपण मराठी माणसे भाग्यवान. फंडाच्या अर्जातला 'नॉमिनी' आणि आपले 'नाम' एकाच कुळातले. 'मॅटर्निटी'त मातृ आहे, 'डेंटल'मध्ये दंत, 'विडो' तर विधवेची सख्खी बहीण. चिनी विद्यार्थ्याला हे नाते लाभत नाही. शब्द जोडण्यात मात्र तो आपल्यासारखाच. आपली आगगाडी त्याच्याकडेही 'आग' आणि 'गाडी' मिळूनच होते, आणि टेलिफोनला तो 'विजेचे बोलणे' म्हणतो. इंग्रजीचे तुकडे एकदा ओळखीचे झाले, म्हणजे त्याचीही पाठांतरातून बरीच सुटका व्हावी.

पण नुसत्या फोडीने भागत नाही. १९४८ पर्यंत आपली गेवराई निजामाच्या राज्यात होती, कचेरीची भाषा उर्दू. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांनाही 'तारीख पडली' म्हणजे काय, हे कोणी समजावून द्यावे लागत नसे. खेटे घातले होते ना!

म्हणून माझ्या वहीत शब्दासमोर, तो जेथे भेटला ते सबंध वाक्य असते. 'रिझाइन'च्या पानावर त्या कामगाराच्या कागदातले आहे. त्याचे प्रकरण पुढे तडजोडीत मिटले. हक्काच्या रकमेतली निम्मीही हाती आली नाही.