नेटवर्कचा उसना कोड

लिफ्टमध्ये रेंज जाते, घराबाहेर पडताच वायफाय सुटून मोबाइल डेटा सुरू होतो. तरीही अ‍ॅपने सर्व्हरशी नीट बोलत राहायचं. ही उठाठेव प्रत्येक डेव्हलपरने नव्याने का करावी? अमेरिकेतल्या स्क्वेअर या पेमेंट कंपनीने त्यासाठी ‘ओकेएचटीटीपी’ ही लायब्ररी लिहिली आणि अपाची २.० परवान्याखाली सर्वांना खुली केली. सर्व्हरचा एक पत्ता लागला नाही, तर ती आपणहून दुसरा वापरून पाहते. अ‍ॅपच्या बिल्ड फाइलमध्ये एक ओळ घातली की ती हाताशी. फुकट असली तरी आवृत्ती वेळोवेळी बदलावी लागते. हे काम काही जण टाळतात. गंमत म्हणजे २०१३च्या अँड्रॉइड ४.४मध्ये खुद्द गूगलनेच अंगभूत नेटवर्क जोडणीसाठी हा कोड वापरला.